विश्लेषण : १०० माश्यांवरून ३३ वर! 'ड्राय फ्लाय'चे जनक मानले जाणारे हॅलफर्ड कोण होते?

ट्राउट पकडण्यासाठी गळाला कोणती माशी लावायची? इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे या प्रश्नात घालवली. त्यांचे उत्तर आजही कामी येते. मात्र, त्यावरून सुरू झालेला वाद त्यांच्या मृत्यूनंतरही शमला नाही.

कोण होते हॅलफर्ड?

जन्म १८४४, बर्मिंगहॅम. कापड-कपड्यांच्या व्यवसायातील सधन ज्यू कुटुंब. कुटुंबाचे मूळ आडनाव हायम, ते पुढे हॅलफर्ड झाले. लंडनजवळच्या वँडल नदीवर १८६८च्या सुमारास त्यांना ड्राय फ्लायची ओळख झाली. पिसे आणि रेशमी धागा गळाला बांधून केलेली, पाण्यावर तरंगणारी ही नकली माशी. ती त्यांनी शोधली नव्हती. तिचे शास्त्र मात्र त्यांनी बसवले. १८८९मध्ये, ४५व्या वर्षी व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ याच छंदात रमले.

'मेफ्लाय'च का?

मेफ्लायची अळी नदीच्या तळाशी वाढते. मग ती वर येते, पंख फुटलेली माशी काही क्षण पाण्यावर तरंगते आणि उडून जाते. पुन्हा एकदा कात टाकल्यावर पंख काचेसारखे पारदर्शक होतात. मीलन होते, मादी अंडी घालते आणि पंख पसरून पाण्यावर मरून पडते. प्रौढपणी तिला तोंडाने खाताही येत नाही. या प्रत्येक अवस्थेत रंग आणि ठेवण वेगळी असते. ट्राउट एका अवस्थेच्या माश्या टिपत असेल, तर दुसऱ्या अवस्थेची नक्कल तो अनेकदा सोडून देतो.

नमुने कसे ठरवले?

१८७९मध्ये विंचेस्टरच्या एका दुकानात त्यांची गाठ जॉर्ज मॅरियट यांच्याशी पडली. टेस्ट नदीकाठी दोघांनी कीटक गोळा केले, पकडलेल्या ट्राउटच्या पोटात काय सापडते ते तपासले. १८८६मध्ये तरंगत्या माश्यांवरचे पहिले पुस्तक आले. त्यावर आपले नाव नको, असे मॅरियट यांनीच ठरवले. १८९७च्या पुस्तकात नमुन्यांची संख्या १०० झाली. पुढे छापील रंगतक्त्याशी खऱ्या कीटकांचे रंग ताडून, नर-मादी वेगळे करून १९१०मध्ये त्यांनी यादी ३३ वर आणली. इतके नमुने पुरेसे आहेत, हा त्यांचा अखेरचा निष्कर्ष.

वाद कशावरून?

हॅलफर्ड यांचा आग्रह असा, की वर येऊन माशी टिपणाऱ्या ट्राउटवरच, प्रवाहाच्या वरच्या दिशेने ड्राय फ्लाय टाकावी. टेस्ट आणि इचेन या संथ, नितळ, चुनखडीच्या झऱ्यांवर पोसलेल्या नद्यांत हे जमते. पण ट्राउटचे बरेचसे खाणे पाण्याखालीच होते. १९१०मध्येच जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने पुस्तक लिहून पाण्याखालच्या माशीची बाजू मांडली. हॅलफर्ड १९१४मध्ये गेले. त्यांचे अनुयायी मात्र त्यांच्याहून कडवे निघाले. काही ठिकाणी 'फक्त ड्राय फ्लाय' हा नियम आजही आहे.

आज काय घ्यायचे?

अमेरिकेच्या थिओडोर गॉर्डन यांनी हे आधीच दाखवले होते. १८९०मध्ये हॅलफर्ड यांनी त्यांना नमुने पाठवले. तिथले कीटक वेगळे, नद्या खळाळत्या. गॉर्डन यांनी नमुने जसेच्या तसे वापरले नाहीत. पद्धत उचलली आणि आपल्या नदीच्या माश्या बांधल्या.

म्हणजे यादी नदीगणिक बदलते, क्रम बदलत नाही. आधी पाण्यावर कोणता कीटक आहे ते पाहायचे. मग तो नुकता वर आलेला आहे की मरून पडलेला, हे ओळखायचे. त्यानंतर आकार जुळवायचा आणि शेवटी रंग. पेटीतली माशी त्यानंतर निवडायची.