प्रकाशाचे वळण मोजणारे एडिंग्टन

आर्थर स्टॅन्ली एडिंग्टन यांचा जन्म २८ डिसेंबर १८८२ रोजी इंग्लंडमधील केंडल येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही नसताना विषमज्वराने वडिलांचे निधन झाले. बेताच्या परिस्थितीत आईने त्यांना वाढवले. शिष्यवृत्त्यांच्या बळावर मँचेस्टर व केंब्रिज येथे शिकलेल्या एडिंग्टन यांनी १९०४ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत प्रथम क्रमांक पटकावला. १९१३ मध्ये ते तेथेच प्राध्यापक झाले आणि पुढील वर्षी वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी धर्मश्रद्धेनुसार शस्त्र हाती घेण्यास नकार दिला. राजखगोलज्ञ फ्रँक डायसन यांच्या प्रयत्नांमुळे त्यांना सैनिकी सेवेतून सूट मिळाली आणि ग्रहणमोहिमेची तयारी सुरू राहिली. बर्लिनमध्ये कार्यरत असलेल्या आइन्स्टाइन यांचा सिद्धांत पारखण्याचे काम एका इंग्रज शास्त्रज्ञाने अंगावर घेतले होते. २९ मे १९१९ रोजी आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर ढगांनी बहुतेक छायाचित्रे निकामी केली. हाती आलेल्या मोजक्या छायाचित्रांना ब्राझीलमधील सोब्राल येथील तुकडीच्या नोंदींची जोड मिळाली. सूर्याच्या कडेजवळून येणारा तारकाप्रकाश सुमारे १.७५ विकला वळतो, हे आइन्स्टाइन यांचे भाकीत खरे ठरल्याचे ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये जाहीर झाले.

ताऱ्यांच्या अंतरंगाचा पाया घालणाऱ्या या विद्वानाने पुढे मात्र एका तरुण भारतीयाची वाट अडवली. सुमारे १.४ सूर्यांहून अधिक वस्तुमानाचा तारा श्वेत बटू म्हणून स्थिरावू शकत नाही, असे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे गणित सांगत होते. असा तारा आकसत जाऊन अखेर प्रकाशालाही कोंडून ठेवील, हा परिणाम एडिंग्टन यांना स्पष्ट दिसला. पण निसर्ग असे घडू देणार नाही, या समजुतीने त्यांनी ११ जानेवारी १९३५ रोजी भर सभेत त्या सिद्धांताची खिल्ली उडवली. चंद्रशेखर अन्य विषयांकडे वळले, तरी दोघांतील स्नेह टिकला. २२ नोव्हेंबर १९४४ रोजी एडिंग्टन यांचे निधन झाले. चंद्रशेखर यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

एकाकी कृष्णविवराला ना सोबती तारा असतो, ना तप्त वायूची झळाळी. ते दूरच्या ताऱ्यासमोरून सरकले की त्या ताऱ्याचे तेज काही काळ वाढते आणि त्याचे स्थान किंचित ढळल्यासारखे दिसते. केवळ तेजावरून कृष्णविवराचे वस्तुमान, अंतर आणि वेग वेगळे करता येत नाहीत. स्थानातील सूक्ष्म बदल मोजल्यावर वस्तुमानाचा उलगडा होतो. २०११ मध्ये नोंदल्या गेलेल्या अशा एका घटनेचा हबल दुर्बिणीने सहा वर्षे मागोवा घेतला. कैलाश साहू यांच्या चमूने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या मोजणीनुसार, सुमारे पाच हजार प्रकाशवर्षांवरील त्या कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे सात सूर्यांइतके आहे.

ज्या वस्तूचे अस्तित्व एडिंग्टन यांनी नाकारले, तिचे वजन आज त्यांनीच १९१९ मध्ये मोजलेल्या प्रकाशाच्या वळणावरून ठरते.