बॅटमॅन घडवला बिल फिंगर यांनी, नाव लागलं दुसऱ्याचं! श्रेय मिळायला लागली ७६ वर्षं

अंगावर काळा झगा, डोक्यावर वटवाघळासारखे कान आणि रात्रीच्या अंधारात गुंडांना लोळवणारा बॅटमॅन. शाळकरी पोरांच्या दप्तरावर, टी-शर्टवर, मोबाईलच्या गेममध्ये तो दिसतोच. पण हा बॅटमॅन तयार कोणी केला? २०१५ सालापर्यंत या प्रश्नाला जगभर एकच उत्तर छापलं जायचं, ते म्हणजे बॉब केन. ज्यांनी बॅटमॅनला आजचं रूप दिलं, नाव-गाव दिलं, गोष्टी दिल्या, ते बिल फिंगर मात्र निर्माता म्हणून कुठेच नव्हते.

शिंप्याचा मुलगा

फिंगर यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९१४ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव मिल्टन. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात राहायला आलं. वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. मोठी मंदी आली आणि ते बंद पडलं. त्या काळी ज्यू माणसाला नोकरी मिळणं अवघड, म्हणून मिल्टनचे बिल झाले.

१९३३ मध्ये शाळा संपली. लिहायची हौस दांडगी, पण पोट भरायला बूट विकायची नोकरी धरावी लागली. अशातच एका पार्टीत बॉब केन या तरुण चित्रकाराशी ओळख झाली. दोघेही एकाच शाळेत शिकलेले. केन चित्रं काढायचे, त्यांना गोष्टी लिहून देणारा माणूस हवा होता. १९३८ पासून फिंगर त्यांच्यासाठी लिहू लागले.

लाल कपड्यातला बॅटमॅन

त्याच वर्षी सुपरमॅन बाजारात आला आणि तुफान चालला. प्रकाशकांना तसाच आणखी एक नायक पाहिजे होता. केन यांनी घाईघाईत एक चित्र काढलं. लाल रंगाचे घट्ट कपडे, डोळ्यांवर छोटीशी पट्टी आणि पाठीला वटवाघळाचे ताठ पंख. ते त्यांनी फिंगर यांना दाखवलं.

फिंगर यांनी शब्दकोश उघडून वटवाघळाचं चित्र समोर ठेवलं आणि एकेक बदल सुचवला. पट्टीऐवजी डोकं झाकणारा कानवाला मुखवटा करा. ताठ पंख काढा, धावताना फडफडेल असा झगा द्या. हातात मोजे घाला, लाल रंग काढून करडा लावा. आज लहान पोरगंही ज्याला ओळखतं, तो बॅटमॅन असा उभा राहिला. मे १९३९ च्या अंकात त्याची पहिली गोष्ट छापून आली. ती लिहिली होती फिंगर यांनीच.

बॅटमॅनच्या मागे असलेल्या श्रीमंत माणसाचं ब्रूस वेन हे नाव त्यांचंच. स्कॉटलंडचा एक राजा आणि अमेरिकेचा एक सेनापती यांच्या नावांतून ते जुळवलेलं. टेलिफोनच्या डिरेक्टरीत एका सराफी दुकानाचं नाव दिसलं आणि त्यावरून शहराला गॉथम नाव मिळालं. जोकर, कॅटवूमन, रॉबिन यांना घडवण्यातही त्यांचा हात होता.

करार एकाचा, कष्ट अनेकांचे

मग नाव का लागलं नाही? केन यांनी प्रकाशन कंपनीशी एकट्यानेच करार केला. निर्माता म्हणून फक्त आपलंच नाव छापायचं, हे त्यांनी पक्कं करून घेतलं. फिंगर या बोलणीत नव्हतेच. सुरुवातीला त्यांना पैसेही केन यांच्या हातून मिळायचे. पुढे ते थेट कंपनीसाठी लिहू लागले, तरी पानावर सही केन यांचीच राहिली.

ही गत एकट्या फिंगर यांची नव्हती. चित्रं काढणाऱ्यांचंही तेच. जेरी रॉबिन्सन हा १७ वर्षांचा पोरगा मदतनीस म्हणून आला आणि बॅटमॅन रंगवू लागला. शेल्डन मॉल्डॉफ यांनी १९५३ ते १९६७ अशी चौदा वर्षं केन यांच्यासाठी गुपचूप चित्रं काढली. वाचकांना वाटायचं, सगळं केनच काढतात.

हळू लिहिणारा माणूस

फिंगर सुचेल ते वहीत टिपून ठेवायचे. चित्रकाराला सोपं जावं म्हणून गोष्टीसोबत मासिकांतली कात्रणं जोडून द्यायचे. पण लिहिण्याचा वेग कमी. मुदत चुकायची आणि हाताशी पैसा कधी टिकायचा नाही.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संमेलनात ते चाहत्यांसमोर बोलले. जेरी बेल्स या चाहत्याने त्यांच्या कामाबद्दल लेख लिहून खरी गोष्ट बाहेर काढली. त्यावर केन यांनी पत्र लिहून फिंगर यांचा दावा साफ नाकारला.

१८ जानेवारी १९७४ रोजी फिंगर न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरात मृतावस्थेत सापडले. वय ५९. मुलगा फ्रेड याने त्यांची राख समुद्रकिनारी नेली, वाळूवर वटवाघळाच्या आकारात पसरली आणि लाटांच्या हवाली केली.

उशिरा का होईना

१९८९ मध्ये आत्मचरित्रात केन यांनी अखेर मान्य केलं, की फिंगर यांना मिळायला हवं होतं ते श्रेय मिळालं नाही. पण तोवर फिंगर यांना जाऊन १५ वर्षं झाली होती. २००५ पासून जेरी रॉबिन्सन यांच्या पुढाकाराने, उपेक्षित राहिलेल्या चित्रकथा लेखकांसाठी बिल फिंगर पुरस्कार सुरू झाला.

लेखक मार्क टायलर नोबेलमन यांनी अनेक वर्षं धागेदोरे शोधले आणि फिंगर यांची नात अथीना हिला हुडकून काढलं. मग कुटुंब आणि कंपनी यांच्यात समझोता झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की यापुढे बॅटमॅनवर केन यांच्यासोबत फिंगर यांचंही नाव लागेल. २०१६ च्या सिनेमात ते पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर झळकलं. ब्रॉन्क्समधल्या ज्या बागेत बसून दोघे गोष्टी रचायचे, तिच्याजवळच्या रस्त्याला २०१७ मध्ये फिंगर यांचं नाव देण्यात आलं.

आज गावोगावची पोरं गाणी लिहितात, रील बनवतात, बॅनर डिझाइन करतात. अनेकदा काम मित्राच्या शब्दावर होतं आणि नावाचा विषय निघतच नाही. फिंगर यांनीही मित्राच्या शब्दावरच काम केलं होतं. नाव कोणाचं लागणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर घेतलं असतं, तर त्यांच्या नातीला त्यासाठी झगडावं लागलं नसतं.