समुद्राचा हिशेबनीस : विल्यम फ्रान्सिस थॉम्प्सन

इ. स. १८८३ सालीं लंडन शहरीं मत्स्यव्यवसायाचें एक मोठें प्रदर्शन भरलें होतें. त्या प्रसंगीं थॉमस हेन्री हक्स्ले या जगद्विख्यात प्राणिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, कॉडसारख्या थोर समुद्रमाशांचा सांठा अक्षय्य आहे. त्या वेळच्या साधनांनीं मनुष्यानें कितीहि मासे धरले तरी त्यांच्या संख्येवर म्हणण्यासारखा परिणाम व्हावयाचा नाहीं. हक्स्लेसारख्या पंडिताचा शब्द! तो पुष्कळांनीं शिरसावंद्य मानला यांत नवल नाहीं. त्यानंतर पांचच वर्षांनीं, १८८८ सालीं, अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांत, समुद्रापासून शेंकडों कोस दूर असलेल्या सेंट क्लाउड गांवीं विल्यम फ्रान्सिस थॉम्प्सन यांचा जन्म झाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील टॅकोमा बंदरांत हॅलिबट माशांचा पहिला व्यापारी माल उतरला आणि आगगाडीनें पूर्वेकडील शहरांकडे रवाना झाला. हा मुलगा आणि हा धंदा बरोबरच वाढले. धंदा थकूं लागला तेव्हां त्याची नाडी पाहण्यास याच मुलास बोलाविण्यांत आलें.

हॅलिबट हा आपल्याकडील लेप्याप्रमाणें चपटा मासा आहे. त्याचे दोन्ही डोळे अंगाच्या एकाच बाजूस असतात. परंतु लेप्याशीं त्याचें साम्य येथेंच संपतें, कारण हॅलिबटची मादी शेंकडों पौंड वजनाची होऊं शकते. तिला वयांत यावयास सुमारें बारा वर्षें लागतात. विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. ज्या माशाची पिढी बारा वर्षांनीं तयार होते, त्याच्या बाबतींत आज केलेल्या अतिरेकाचें प्रायश्चित्त पुढच्या तपांत भोगावें लागतें, आणि आज केलेल्या संयमाचें फळहि तितक्याच उशिरां पदरांत पडतें. दरम्यान कोळ्यास घर चालवावयाचें असतें.

थॉम्प्सन यांचें शिक्षण कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत झालें. डेव्हिड स्टार जॉर्डन आणि चार्ल्स हेन्री गिल्बर्ट हे तेव्हांचे दोन नामांकित मत्स्यशास्त्रज्ञ तेथें शिकवीत असत. माशाच्या खवल्यावरील वलयें मोजून त्याचें वय सांगण्याची विद्या गिल्बर्ट यांनीं सॅमन माशाच्या बाबतींत सिद्ध केली होती. गुरूची ही मोजणीची आवड शिष्यांत पुरेपूर उतरली. १९१४ च्या सुमारास कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या मत्स्यखात्यानें थॉम्प्सन यांना हॅलिबटची पाहणी करण्यास नेमलें. त्यांनीं हॅलिबटच्या कानांतील बारीक अस्थिखड्यांवरील वलयें मोजून माशांचीं वयें ठरविलीं, आणि तांडेलांनीं स्वतःच्या सोयीसाठीं ठेवलेल्या वह्या मिळवून त्यांतील जुने आंकडे तपासले. प्रयोगशाळेंतील पंडित सहसा जेथें जात नाहीं तेथें, म्हणजे धक्क्यावर, त्यांचा बराच वेळ जात असे.

या वह्यांतून एक माप हातीं लागलें. हॅलिबट पकडण्याची रीत अशी कीं, एका लांब दोरास ठराविक अंतरावर गळ बांधून तो समुद्राच्या तळाशीं सोडावयाचा. अशा दोराच्या एका वेटोळ्यामागें किती पौंड मासा येतो, हें तें माप होय. एकूण पकडीचा आंकडा मनुष्यास फसवितो, कारण मासे कमी झाले कीं कोळी अधिक जहाजें घेऊन अधिक दूर जातात आणि बेरीज तेवढीच दिसते. परंतु एका वेटोळ्याचें माप फसवीत नाहीं. जुन्या मच्छक्षेत्रांत १९०६ सालीं एका वेटोळ्यामागें जवळजवळ ३०० पौंड मासा येत असे. १९२६ सालीं तो ५० पौंडांच्याहि खालीं आला. वीस वर्षांत सहावा हिस्सासुद्धां उरला नाहीं.

मधल्या काळांत, १९१७ पासून, थॉम्प्सन यांनीं कॅलिफोर्निया संस्थानाच्या नोकरींत राहून सार्डिन माशाच्या संशोधनाचा पाया घातला व टर्मिनल आयलंड येथें सरकारी मत्स्यप्रयोगशाळा उभी केली. बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक पकडीची नोंद होऊं लागली. तेथील पुढील कथा मात्र दुःखाची आहे. हिशेब उत्तम राहिला, पण खर्चास आळा घालण्याचा अधिकार कोणी घेतला नाहीं. १९३६-३७ च्या हंगामांत त्या एकट्या संस्थानांत ७ लक्ष टनांवर सार्डिन पकडला गेला, आणि १९४५ नंतर थोड्याच वर्षांत तो धंदा बुडाला. कारखान्यांस कुलुपें लागलीं. वही चोख ठेवणें आणि वहीचें ऐकणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें कॅलिफोर्नियाचा हा इतिहास अवश्य पाहावा.

हॅलिबटच्या बाबतींत तसें घडलें नाहीं. १९२३ सालीं अमेरिका व कॅनडा यांच्यांत तह होऊन एक संयुक्त मत्स्य-कमिशन निर्माण झालें. कॅनडानें ब्रिटनच्या सहीवांचून स्वतः केलेला हा पहिलाच तह, आणि तो एका माशासाठीं व्हावा ही गंमतीची गोष्ट आहे. या तहानें १६ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी हे तीन महिने मासेमारी बंद केली. १९२४ सालीं थॉम्प्सन यांची कमिशनच्या संशोधनकार्यावर प्रमुख म्हणून नेमणूक झाली. आपलें मालकमंडळ ज्या उपायावर भिस्त ठेवून बसलें होतें तोच उपाय निरुपयोगी आहे, असें त्यांना लौकरच आढळून आलें. हिंवाळ्यांत न धरलेला मासा कोळी उरलेल्या नऊ महिन्यांत धरून घेत. वर्षाची बेरीज तशीच राही. हा निष्कर्ष त्यांनीं दडपून ठेविला नाहीं. १९२८ सालीं कमिशननें तो दोन्ही सरकारांपुढें मांडला, १९३० सालीं नवा तह झाला, आणि १९३२ पासून प्रत्येक मच्छक्षेत्रास पकडीची वार्षिक मर्यादा घालण्यांत येऊं लागली. माशांच्या अंगावर धातूच्या खुणा अडकवून सोडल्यावर असें दिसून आलें होतें कीं, दक्षिणेकडील मासे व अलास्काच्या पश्चिमेकडील मासे परस्परांत फारसे मिसळत नाहींत. म्हणून क्षेत्रांचे हिशेबहि वेगळे ठेवण्यांत आले.

आतां खरी कसोटी पुढेंच होती. वर्षारंभीं कागदावर मर्यादा लिहिणें सोपें असतें. परंतु ती पुरी कोणत्या दिवशीं होणार? मासा त्या वर्षीं भरपूर लागेल कीं नाहीं, वादळें किती होतील, किती जहाजें बाहेर पडतील, यांतील कांहींच आधीं ठाऊक नसतें. म्हणून हंगामाचा शेवट पंचांगांत छापतां येत नव्हता. तो हंगाम चालू असतांनाच ठरवावा लागे. सिअॅटल, प्रिन्स रूपर्ट, केचिकन इत्यादि बंदरांत उतरलेल्या मालाचें वजन कमिशनकडे येई, त्याची बेरीज होई, आणि ज्या गतीनें ती चढत आहे तीवरून मर्यादेचा दिवस काढून तो जाहीर करण्यांत येई. यांत एक पेंच असा कीं, जहाजें एकेका फेरीस कित्येक दिवस समुद्रावर असत. धक्क्यावर उतरलेला मासा मोजतां येई, परंतु जो जहाजांच्या पोटांत बर्फाखालीं पडला आहे त्याचें काय? तो विसरला तर मर्यादा ओलांडली जाणार. त्याचा अंदाज फार धरला तर हंगाम वेळेआधीं बंद होऊन गरिबांच्या घासाचा मासा समुद्रांतच राहणार. आमच्या मतें थॉम्प्सन यांची थोरवी येथें आहे. गणित तर अनेकांस येतें. पण ज्या गणिताची चूक दुसऱ्याच्या चुलीवर उमटणार, तें दरसाल उघडपणें मांडून दोन देशांच्या कोळ्यांकडून मानवून घेणें हें निराळें काम आहे.

कोळ्यांनीं तें मानलें, याचें एक कारण असें कीं आंकडे त्यांच्याच वह्यांतले होते. दुसरें असें कीं, वेटोळ्याचें माप हळूहळू वर चढूं लागलें. १९३१ च्या सुमारास सर्व क्षेत्रें मिळून वर्षाची पकड सुमारें साडेचार कोटि पौंड होती; १९५४ सालीं ती सात कोटींच्या वर गेली.

तथापि या यशाची दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. मर्यादा सर्वांची मिळून एक असल्यामुळें, आपला वांटा दुसऱ्यानें नेण्यापूर्वीं आपण न्यावा अशी शर्यत लागली. जहाजें वाढलीं, वेगवान झालीं. आरंभीं दक्षिण क्षेत्रांत हंगाम २०० दिवसांहून अधिक चाले, तो १९५० नंतर महिन्याच्याहि आंत संपूं लागला. मासा वांचला, पण कोळ्याचें वर्ष मोडलें. शिवाय शास्त्रज्ञांतहि मतभेद झाला. मार्टिन बर्केनरोड यांनीं १९४८ सालीं असा आक्षेप घेतला कीं, हॅलिबट वाढला तो कदाचित् निसर्गाच्या स्वतःच्या चढउतारामुळें वाढला असेल. मर्यादेकडे त्याचें श्रेय जातें हें सिद्ध झालेलें नाहीं. थॉम्प्सन यांनीं १९५० सालीं त्यास उत्तर दिलें. हा वाद त्यांच्या पश्चातहि मिटला नाहीं, आणि आक्षेपांत कांहीं तथ्य होतें असें आम्हांस वाटतें. कारण १९७० नंतर, मर्यादा असतांनाहि, पकड सुमारें दोन कोटि पौंडांपर्यंत उतरली. परदेशी जहाजांच्या ओढजाळ्यांत सांपडणारा लहान हॅलिबट हेंहि त्याचें एक कारण होतें.

१९३० पासून थॉम्प्सन सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत मत्स्यशास्त्राचे मुख्य अध्यापक होते, आणि १९३७ नंतर त्यांच्याकडे फ्रेझर नदीच्या सॅमन माशाचें काम आलें. सॅमन समुद्रांत वाढतो व अंडीं घालण्यास आपल्या जन्माच्या नदींत परत येऊन तेथेंच मरतो. फ्रेझरच्या एका अरुंद घळईस हेल्स गेट, म्हणजे नरकद्वार, असें नांव आहे. १९१३-१४ सालीं रेल्वेच्या कामांत दगड कोसळून तेथील प्रवाह बिघडला होता. थॉम्प्सन यांनीं खुणा केलेले मासे सोडून असें दाखविलें कीं, पाण्याच्या ठराविक पातळींत मासे तेथें अडतात व थकून मरतात. पुढें १९४४ ते १९४६ च्या दरम्यान तेथें माशांसाठीं बाजूनें मार्ग बांधण्यांत आले. याहि बाबतींत विल्यम रिकर या तोलामोलाच्या शास्त्रज्ञानें, खुणा करतांना अशक्त झालेले मासेच मुख्यतः अडले असावेत, अशी शंका घेतली. आमच्या चरित्रनायकास निर्विवाद यश बहुधा लाभलेंच नाहीं.

१९४७ सालीं, वयाच्या साठीजवळ, त्यांनीं त्याच विद्यापीठांत एक नवी मत्स्यसंशोधन संस्था उभारली आणि अलास्काच्या ब्रिस्टल उपसागरांतील सॅमनकडे लक्ष वळविलें. संस्थेस पैसा सॅमन डबाबंद करणाऱ्या कारखानदारांकडून येत असे. त्यामुळें कांहींनीं नाकें मुरडलीं. परंतु संस्थेनें दिलेली शिकवण कारखानदारांस गोड वाटणारी नव्हती. सॅमनचा लोंढा हा एकजिनसी नसून अनेक लहान कुळांचा मेळावा आहे. प्रत्येक कुळाची येण्याची वेळ वेगळी. म्हणून कोणत्या आठवड्यांत किती धरले याला एकूण आंकड्याइतकेंच महत्त्व आहे, असें थॉम्प्सन सांगत. हॅलिबटच्या हंगामाचा शेवट आठवड्यांच्या हिशेबानें ठरे. येथें मुख्य लोंढा जुलैच्या आरंभीं जेमतेम तीन आठवडे चालतो आणि निर्णय दिवसांत किंवा तासांत घ्यावा लागतो. जो मासा जाळ्यांतून सुटून नदींत चढला तोच पुढच्या पिढीचा बाप. पण असे किती चढले, हें जाळीं समुद्रांत असतांनाच कळावयास हवें.

त्यासाठीं या संस्थेच्या लोकांनीं नद्यांच्या कांठीं मचाणें उभारलीं. पाणी इतकें स्वच्छ कीं, वरून मासा न् मासा दिसतो. १९५९ सालीं अलास्का स्वतंत्र संस्थान झाल्यावर तेथील सरकारनें ही पद्धति उचलली, आणि हंगाम चालू असतां जागच्या जागीं मासेमारी उघडण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यांस दिला. पूर्वीं हे नियम हजारों कोस दूर असलेल्या राजधानींतून येत असत.

थॉम्प्सन १९६५ सालीं निवर्तले. हॅलिबटची शर्यत त्यांच्या मागेंहि वाढतच गेली. अलास्कांत तर एके काळीं वर्षाचा हंगाम एकेका दिवसाच्या दोन-तीन संधींवर आला. शेवटीं कॅनडानें १९९१ व अलास्कानें १९९५ सालीं प्रत्येक जहाजाचा वांटा आधींच बांधून दिला, तेव्हां ती थांबली. सॅमनच्या नद्यांवर मात्र मचाणें अद्याप उभीं आहेत. मोजणारा मनुष्य तासांतून दहा मिनिटें पाण्याकडे टक लावून मासे मोजतो, त्यावरून सबंध तासाचा अंदाज बांधतो व आंकडा कळवितो; आणि खालीं खाडीच्या तोंडाशीं जाळीं गोळा करून थांबलेल्या होड्यांचे लोक, आज जाळें टाकावयाचें कीं नाहीं, हें कळण्याची वाट पाहत बसलेले असतात.