विश्लेषण : रागाचे ‘बटण’ मेंदूत कुठे असते? डॉ. हेस यांच्या शोधाची गोष्ट

मीरा रोड-भाईंदरहून सकाळची चर्चगेट लोकल पकडणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. धक्का लागतो, शब्दाने शब्द वाढतो आणि हात उगारला जातो. क्षणापूर्वी शांत असलेल्या माणसाच्या डोक्यात तेव्हा काय घडते? याचे उत्तर शोधण्यात मोठा वाटा आहे स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर रुडॉल्फ हेस यांचा.

कोण होते हेस?

जन्म १७ मार्च १८८१, स्वित्झर्लंडमधील फ्राउएनफेल्ड येथे. वडील भौतिकशास्त्राचे शिक्षक, त्यामुळे उपकरणांशी खेळणे लहानपणापासूनचे. हेस नेत्रतज्ज्ञ झाले, त्यांचा जमही बसला. मात्र १९१२ मध्ये, कुटुंबाची जबाबदारी असतानाही, त्यांनी चांगली चालणारी प्रॅक्टिस सोडली आणि साध्या साहाय्यकाच्या जागेवरून संशोधन सुरू केले. १९१७ मध्ये ते झुरिकच्या शरीरक्रियाशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले.

प्रयोग काय होता?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस हा छोटा भाग असतो. भूक, तहान, शरीराचे तापमान यांवर त्याचे नियंत्रण असते. हेस यांनी मांजरांच्या मेंदूत या भागापर्यंत बारीक तारा बसवल्या आणि मांजर जागे असताना सौम्य वीजप्रवाह सोडला. एका ठिकाणी प्रवाह देताच शांत मांजर कान मागे टाकून फिस्कारू लागे, समोरच्यावर झेपही घेई. प्रवाह थांबला की पुन्हा शांत. प्रत्येक प्रयोगाचे चित्रीकरण करून, नंतर मेंदूचे पातळ काप तपासून त्यांनी नकाशा तयार केला.

वाद कोणता?

जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना तेव्हाही कडाडून विरोध होता आणि हेस यांनी या प्रयोगांची जाहीर बाजू घेतली. हा प्रश्न आजही मिटलेला नाही. १९४९ चे नोबेल त्यांना इगाश मोनिश यांच्यासोबत विभागून मिळाले. मोनिश यांचे काम मानसिक आजारावर मेंदूची शस्त्रक्रिया करण्याचे होते. ती पद्धत पुढे बदनाम झाली. हेस यांचा नकाशा मात्र टिकला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे काय सापडले?

२०११ मध्ये अमेरिकेत दायू लिन, डेव्हिड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी नर उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधील ठरावीक पेशी प्रकाशाने चेतवल्या. उंदीर मादीवर, अगदी फुगवलेल्या हातमोज्यावरही तुटून पडले. त्याच भागात समागमाच्या वेळी सक्रिय होणाऱ्या पेशीही होत्या. मादीशी समागम सुरू असताना मात्र हल्ला करवणे अवघड जाई. २०१४ मध्ये दिसले, की त्याच भागातील एका प्रकारच्या पेशी हलक्या चेतवल्या तर उंदीर समागमाकडे वळतो, जोरात चेतवल्या तर हल्ला करतो.

मग राग आवरणे आपल्या हाती नाही?

तसे नाही. माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग या यंत्रणेला लगाम घालू शकतो. उंदरावरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागूही होत नाहीत. ‘बटण’ प्रत्येकाच्या डोक्यात आहे. म्हणून गर्दीत उगारलेल्या हाताची जबाबदारी टळत नाही.