पाखरांची कैवारी : रेचल कार्सन

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, पंढरीच्या वाटेवर, अंथुर्णे हे गाव आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या भागात ऊस उभा राहिला आणि उसाबरोबर पाखरेही आली. रान नांगरू लागले की नांगरामागे बगळे व साळुंक्या उतरतात आणि उलटलेल्या ढेकळांतील किडे व गांडुळे वेचतात. त्यांना कोणी बोलावीत नाही आणि कोणी मजुरीही देत नाही. पण त्या ढेकळांत मागल्या हंगामात फवारलेले औषध मुरलेले असेल तर? गांडुळाबरोबर ते पाखराच्या पोटात जाईल काय? हा प्रश्न आज शाळकरी मुलालाही सुचेल. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मात्र तो चारचौघांत विचारण्यास मोठे धैर्य लागे. अमेरिकेतील एका शांत, मितभाषी बाईंनी ते धैर्य दाखविले. त्यांचे नाव रेचल कार्सन.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या लहानशा गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. पण घराभोवती मोकळी जमीन व झाडी होती. आई मुलीला बरोबर घेऊन रानात हिंडे व पाखरांची, फुलांची ओळख करून देई. रेचलला लिहिण्याचा नाद लवकर लागला. तिची पहिली गोष्ट मुलांच्या एका मासिकात छापून आली, तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती. आपण लेखिका व्हावयाचे, हे तिने तेव्हाच ठरवून टाकले. महाविद्यालयात गेल्यावर मात्र जीवशास्त्राने तिला असे भारून टाकले, की तिने इंग्रजी वाङ्मय सोडून तो विषय घेतला. लेखन सुटले असे तिला वाटले. पुढे हे दोन्ही ओघ एकत्र आले.

१९३२ साली त्यांनी प्राणिशास्त्राची उच्च पदवी घेतली. तीनच वर्षांनी वडील वारले. पुढे मोठी बहीणही गेली आणि तिच्या दोन मुलींचा भार रेचल व त्यांची आई यांच्यावर पडला. कार्सनबाईंनी सरकारी मत्स्यखात्यात नोकरी धरली. दिवसा कचेरीचे काम आणि रात्री लेखन, असा क्रम कित्येक वर्षे चालला. १९५१ साली समुद्रावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि घरोघर वाचले गेले. आता त्यांना नोकरीची गरज उरली नाही. समुद्रकाठी राहावे, शंख-शिंपले पाहावे, लिहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

या सुमारास जगात डीडीटीचा मोठा बोलबाला होता. पाउल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली त्याचा कीटकनाशक गुण शोधून काढला व त्यासाठी त्याला १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या भुकटीने लाखो लोकांचे प्राण वाचविले. आपल्या देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत. १९५३ सालापासून घराघरांत डीडीटी फवारण्यात आले आणि १९६५ साली हा आकडा एक लाखाच्या आसपास आला. असे गुणकारी औषध घातक असेल, हे कोणाला खरे वाटणार?

१९५८ साली कार्सनबाईंना मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका मैत्रिणीचे पत्र आले. तिने आपल्या आवारात पाखरांसाठी जागा राखली होती. डास मारण्यासाठी विमानातून तेथे औषध फवारले गेले आणि अंगणात पाखरे मरून पडली. कार्सनबाईंनी त्या पत्राचा छडा लावण्याचे ठरविले. त्यांनी शास्त्रज्ञांना शेकडो पत्रे लिहिली, अहवाल गोळा केले, प्रत्येक आकडा तपासून पाहिला.

मिशिगन राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारात एल्म नावाचे उंच वृक्ष होते. त्यांना रोग लागू नये म्हणून त्यांवर डीडीटी फवारीत. शरद ऋतूत पाने गळत. ती पाने गांडुळे खात. वसंतात रॉबिन पक्षी येऊन गांडुळे टिपीत. रॉबिन म्हणजे आपल्या साळुंकीपेक्षा किंचित मोठा, तांबड्या छातीचा गाणारा पक्षी. त्याच्यावर कोणी औषध मारले नव्हते. तरी तो तडफडून मरू लागला. दहा-अकरा मोठ्या गांडुळांत त्याला पुरेल एवढे विष साठलेले असे.

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराची कथा याहून विलक्षण आहे. चिलटे मारण्यासाठी तेथे डीडीटीच्या जवळच्या नात्याचे एक औषध पाण्यात सोडले. पाण्याच्या पाच कोटी भागांत औषधाचा एक भाग, इतके ते विरळ होते. परंतु सूक्ष्म जीवांच्या शरीरात ते साचले. ते जीव लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्यांनी खाल्ले, आणि दर पायरीवर विष वाढत गेले. शेवटी ते मासे खाणाऱ्या पाणडुब्यांच्या चरबीत पाण्याच्या हजारो पटींनी विष आढळले. जेथे पाणडुब्यांच्या सुमारे एक हजार जोड्या घरटी करीत, तेथे १९६० साली तीसच जोड्या उरल्या.

माणूसही या साखळीबाहेर नाही, हे कार्सनबाईंनी ओळखले होते. संत्र्याच्या बागेत पॅराथिऑन हे जहाल औषध फवारून कित्येक दिवस लोटल्यावर फळे तोडावयास गेलेले मजूर आजारी पडले, याची नोंद त्यांनी घेतली. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर औषध फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांपैकी कित्येक दगावले. पुरेसे संरक्षक कपडे नाहीत, नाकातोंडावर नीट आवरण नाही, आणि पीक पुरुषभर उंच वाढलेले. कार्सनबाईंनी वर्णिलेले मजूर याहून फार निराळे नव्हते.

पुस्तक निम्मेशिम्मे झाले आणि १९६० साली त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निघाले. आई आधीच वारली होती. १९५७ साली पोरका झालेला भाचीचा लहान मुलगा रॉजर त्यांनी सांभाळावयास घेतला होता. उपचारांनी अंगात त्राण उरत नसे. तरी लेखणी थांबली नाही. आपला आजार मात्र त्यांनी लपवून ठेवला. तो कळला असता, तर आजारामुळे या बाईने औषधांवर दात धरला, असे विरोधकांनी म्हटले असते.

सप्टेंबर १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाखरांचे गाणे थांबलेला मुका वसंत, असा त्या नावाचा भाव आहे. औषधे बनविणाऱ्या कंपन्या खवळल्या. ही बाई भावनाविवश आहे, हिला शास्त्र कळत नाही, हिचे ऐकले तर देश उपाशी मरेल, अशी टीका झाली. वास्तविक सर्व औषधे बंद करा, असे त्यांनी कोठेही लिहिले नव्हते. ती जाणून-समजून व बेताने वापरावीत, एरवी किडेच त्यांना दाद देईनासे होतील, हे त्यांचे म्हणणे होते. तसे झालेही. भारतात हिवतापाचे रोगी १९७६ साली चौसष्ट लाखांवर गेले. त्याच्या अनेक कारणांपैकी डासांनी डीडीटीला न जुमानणे हे एक होते.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी या प्रश्नाची चौकशी शास्त्रज्ञांच्या समितीकडे सोपविली. मे १९६३ मध्ये समितीचा अहवाल आला. त्याने कार्सनबाईंच्या म्हणण्यास दुजोरा दिला. पुढच्याच महिन्यात त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. तेव्हा रोग शरीरभर पसरला होता, हे समोर बसलेल्यांना ठाऊक नव्हते. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रॉजर तेव्हा बारा वर्षांचा होता.

अमेरिकेने १९७२ साली डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. भारतात शेतीसाठी त्याचा वापर १९८९ साली थांबला. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होतात व अंडी उबविताना फुटतात, हे कार्सनबाईंच्या पश्चात उघडकीस आले. अमेरिकेच्या राजमुद्रेवर ज्याचे चित्र आहे, त्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या, अलास्का वगळता, त्या देशात १९६३ साली अवघ्या ४१७ जोड्या आढळल्या होत्या. २००७ साली त्या दहा हजारांच्या घरात पोहोचल्या.