चिमुकल्या हातांसाठी

लंडन शहराच्या दक्षिण केन्सिंग्टन भागातील एका प्रशस्त घरात २८ जुलै १८६६ रोजी बीट्रिक्स पॉटर हिचा जन्म झाला. वडील बॅरिस्टर होते. घरात पैशाला तोटा नव्हता. उणीव होती ती सवंगड्यांची. त्या काळच्या धनिक घराण्यांतील रीतीप्रमाणे तिला शाळेत न घालता घरीच शिक्षिका ठेवून शिकविण्यात आले. तिसऱ्या मजल्यावरील खोली हेच तिचे जग होते. सहा वर्षांनी बर्ट्रम हा भाऊ झाला, आणि पुढे ह्या दोघा भावंडांनी त्या खोलीत ससे, उंदीर, बेडूक, सरडे, वटवाघळे असे एक प्राणिसंग्रहालयच थाटले!

ह्या प्राण्यांची चित्रे काढण्यात बीट्रिक्सचे दिवसचे दिवस जात. ससा बसतो कसा, दचकला म्हणजे त्याचे कान कसे वळतात, हे ती तासन्‌तास न्याहाळी. एखादा प्राणी मेला, तर त्याच्या हाडांचा सांगाडा जुळवून त्याचेही चित्र काढी. शाळेच्या चार भिंती दुरावल्या म्हणून शिक्षण थांबतेच असे नाही, हे मात्र खरे. मनातले बोलावयास कोणी नसल्यामुळे ती स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिही. ती लिपी तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १९५८ मध्ये, लेस्ली लिंडर नावाच्या गृहस्थांनी उलगडली. आळंब्यांचाही तिने सखोल अभ्यास केला. त्यावरील तिचा निबंध १८९७ साली लिनियन सोसायटी ह्या विद्वत्सभेपुढे मांडला गेला. पण स्त्रियांना तेथे प्रवेश नसल्यामुळे तो दुसऱ्याला मांडावा लागला.

सप्टेंबर १८९३ मध्ये बीट्रिक्सबाई स्कॉटलंडमध्ये होत्या. त्यांच्या पूर्वीच्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा, नोएल, तेव्हा आजारी होता. त्याला काय लिहावे हे सुचेना. तेव्हा बाईंनी पीटर नावाच्या एका खोडकर सशाची गोष्ट रचून, जागोजागी चित्रे रेखाटून, पत्रातून त्याला धाडली. आईने मना केले असताना माळीबुवांच्या भाजीच्या वाफ्यात शिरणारा हा ससा नोएलला इतका आवडला, की त्याने ते पत्र जपून ठेविले.

सात वर्षांनी तेच पत्र मागून घेऊन बाईंनी त्याचे पुस्तक सिद्ध केले. निदान सहा प्रकाशकांनी ते नाकारले. कोणाला मोठ्या आकाराचे पुस्तक हवे होते, आणि मोठे पुस्तक म्हणजे किंमतही मोठी. बाईंचा हट्ट असा, की पुस्तक लहान मुलाच्या मुठीत मावले पाहिजे आणि सामान्य घरांतही ते घेता आले पाहिजे. ह्या मुद्यावर त्या तसूभरही ढळल्या नाहीत. अखेर डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी पदरच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या. त्या हा हा म्हणता संपल्या, आणि दोन महिन्यांत आणखी २०० काढाव्या लागल्या! पूर्वी नकार देणाऱ्या फ्रेडरिक वॉर्न ह्या प्रकाशनसंस्थेने आता रंगीत चित्रांची अट घालून होकार दिला. बाईंनी सगळी चित्रे नव्याने रंगविली. ऑक्टोबर १९०२ मध्ये ८,००० प्रती निघाल्या. आकार मात्र लहानच राहिला.

पुढे एकामागून एक पुस्तके आली. त्या निमित्ताने नॉर्मन वॉर्न ह्यांच्याशी स्नेह जडला, आणि १९०५ साली विवाह ठरला. व्यापारी घराण्यातील जावई बाईंच्या आईवडिलांना पसंत नव्हता. बाईंनी त्यांचे ऐकले नाही. परंतु ठरल्यापासून महिनाभरातच नॉर्मन मरण पावले. त्याच वर्षी बाईंनी सरोवरांच्या प्रदेशातील निअर सॉरी गावी ‘हिल टॉप’ ही शेतवाडी विकत घेतली. वृद्ध आईवडिलांमुळे त्यांना तेथे कायमचे राहता येईना. सवड मिळेल तेव्हा त्या जात. तेथील घर, बाग, बदके, मांजरे सारी पुस्तकांतून अवतरली.

१९१३ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, विल्यम हीलिस ह्या स्थानिक वकिलांशी त्यांनी विवाह केला. दृष्टी मंदावत चालली तशी चित्रकला मागे पडली. जाडेभरडे कपडे घालून, पायांत लाकडी तळाचे जोडे अडकवून, त्या चिखलातून मेंढ्यांमागे हिंडत. डोंगराळ हर्डविक जातीच्या मेंढ्यांची त्यांना उत्तम पारख होती. प्रदर्शनांत त्यांच्या मेंढ्या बक्षिसे मिळवीत.

२२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. चार हजार एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेला देऊन ठेविली होती. डोंगरावरील शेतवाड्यांवर अस्सल हर्डविक मेंढ्यांचेच कळप राखावेत, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते.