काठीच्या टकटकीतून जग पाहणारा प्रवासी

दरवर्षी १५ ऑक्टोबरला जगभर पांढरी काठी दिन पाळला जातो. दृष्टिहीन माणसाला रस्त्यावर एकट्याने आणि सुरक्षितपणे चालता यावे, या हक्काची आठवण म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये हा दिवस ठरवला. योगायोग असा, की १७८६ साली याच तारखेला इंग्लंडमधील एक्सेटर गावी जेम्स होल्मन यांचा जन्म झाला. ऐन तारुण्यात त्यांची दृष्टी गेली आणि त्यानंतर त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेव्हा ब्रेल लिपी रुळलेली नव्हती आणि पांढरी काठी तर शंभर वर्षे दूर होती. आज खिशातला मोबाइल कानात रस्ता सांगतो. तरीही अनोळखी शहरात दृष्टिहीन माणूस वाट कशी काढतो हे समजून घ्यायचे, तर होल्मन यांचे आयुष्य पाहावे लागते.

त्यांचे वडील औषधविक्रेते होते. मुलगा १७९८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ब्रिटिश नौदलात दाखल झाला आणि १८०७ मध्ये लेफ्टनंट झाला. थंडी, ओल आणि अपुरी झोप ही जहाजावरची रोजची बाब. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ काम करत असताना त्यांचे सांधे धरले. दुखणे इतके वाढले, की १८१० मध्ये जहाज सोडावे लागले. पुढे डोळे दुखू लागले आणि पंचविशीतच दोन्ही डोळ्यांपुढे कायमचा अंधार झाला.

सांधेदुखी आणि डोळ्याचा दाह ही जोडी आज डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटली, की काही संधिवातांमध्ये डोळ्याच्या आतला रंगीत पडदाही सुजतो. याला युव्हायटिस म्हणतात. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही आणि धूसर दिसू लागते. अनेकजण ‘डोळे आले असतील’ असे समजून औषधाच्या दुकानातून थेंब आणतात आणि मोलाचे दिवस घालवतात. तरुण माणसाची कंबर सकाळी ताठ होत असेल, सांधे सुजत असतील आणि त्यातच डोळा असा लाल झाला, तर दोन दिवसही थांबू नये. नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वेळेवर उपचार झाले, तर बहुतेकांची दृष्टी वाचते. होल्मन यांच्या काळात असे उपचारच नव्हते.

१८१२ मध्ये त्यांची नेमणूक विंडसरच्या ‘नेव्हल नाइट्स’मध्ये झाली. निवृत्त, गरजू अशा सात नौदल अधिकाऱ्यांची ही सोय होती. राहायला जागा आणि थोडे मानधन मिळे. अट एकच, रोज दोन वेळा चर्चमधील प्रार्थनेला हजर राहायचे. आंधळ्या माणसाचे भले झाले, असेच सगळ्यांना वाटले असणार. पण बसून राहण्याने होल्मन यांची प्रकृती खालावत गेली आणि हिंडायला लागले की ती सुधारे. त्यामुळे प्रकृतीच्या कारणावरून रजा घेऊन ते बाहेर पडू लागले. एडिनबरो विद्यापीठात त्यांनी वैद्यकशास्त्राची आणि साहित्याची व्याख्याने ऐकली. मग १८१९ मध्ये ते एकटे फ्रान्सला निघाले. फ्रेंच भाषेची धड ओळख नव्हती आणि सोबत नोकरही नव्हता.

त्या काळात आंधळ्याने कोणाचा तरी हात धरून चालायचे, अशीच रीत होती. होल्मन यांनी चालताना हातात टोकाला धातू बसवलेली काठी ठेवली. ती जमिनीवर आपटली, की टणक, स्पष्ट आवाज उठे. तो आवाज भिंतीवर, झाडावर किंवा उभ्या गाडीवर आदळून परत येई आणि त्यावरून पुढे काय आहे याचा अंदाज लागे. घोड्यावर असताना टापांचा आवाज हेच काम करी. पायाखालची फरशी, माती, उतार आणि चढ हे तळपायाला कळे. बेकरीचा, तबेल्याचा, नदीचा वास दिशा सांगे. आणि जे यातून कळत नसे, ते विचारून घ्यायचे. डोळस प्रवासी एक नजर टाकून पुढे जातो, आपल्याला मात्र प्रत्येक गोष्ट चौकशी करून, हाताळून समजून घ्यावी लागते, म्हणून ती अधिक नीट कळते, अशी त्यांची धारणा होती.

या पहिल्या प्रवासात ते इटली, स्वित्झर्लंड, जर्मनीचा काही भाग, बेल्जियम आणि नेदरलँड्स फिरले. घोडागाडीत बसून अंग आखडले, की गाडीला दोरी बांधून तिच्या आधाराने मागे चालत. वाटेत त्यांना कर्णबधिर मित्राची सोबत मिळाली. एकाला दिसत नव्हते, दुसऱ्याला ऐकू येत नव्हते आणि दोघे मिळून देश पाहत होते. या गमतीचे त्यांना स्वतःलाच हसू येई. १८२१ मध्ये धगधगत्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर ते चढून गेले. परत आल्यावर या प्रवासाचे पुस्तक निघाले.

लिहिण्यासाठी ते ‘नॉक्टोग्राफ’ नावाची चौकट वापरत. तिच्यावर ओळीने तारा ताणलेल्या असत आणि खाली कार्बनसारखा शाई लावलेला कागद. तारेच्या आधाराने बोथट लेखणी फिरवली, की ओळ वाकडी न होता अक्षरे उमटत. मोकळ्या कागदावर हात भरकटतो, तसाच मोकळ्या मैदानात दृष्टिहीन माणूसही भरकटतो. भिंत, कठडा, फुटपाथची कड असा काहीतरी धागा लागतो. कागदावर तो तारेने दिला, रस्त्यावर प्रतिध्वनीने.

१८२२ मध्ये त्यांनी रशियाची वाट धरली. सैबेरिया ओलांडून पॅसिफिक गाठायचा आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करायची, असा बेत होता. खडखडणाऱ्या गाडीतून ते इर्कुत्स्कपर्यंत पोचलेही. पण आंधळा माणूस इतक्या लांब उगाच कशाला येईल, असा संशय रशियन दरबाराला आला. झारच्या हुकमाने त्यांना हेर समजून ताब्यात घेतले आणि पहाऱ्यात सरहद्दीबाहेर नेऊन सोडले. १८२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८२७ मध्ये पुन्हा निघाले ते थेट १८३२ मध्ये परतले. पश्चिम आफ्रिकेतील फर्नांडो पो बेट, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस, श्रीलंका, भारत, चीन, ऑस्ट्रेलिया असा तो फेरा होता. त्यावरचे पुस्तक चार खंडांचे झाले. कीलिंग बेटांविषयी लिहिताना चार्ल्स डार्विन यांनी त्याचा दाखला दिला आहे. आयुष्यभरात त्यांनी सुमारे अडीच लाख मैल, म्हणजे चार लाख किलोमीटर प्रवास केला, असा अंदाज केला जातो.

कौतुकाबरोबर हेटाळणीही वाट्याला आली. ज्याला दिसत नाही त्याने देशाचे वर्णन काय करावे, असा टीकाकारांचा सूर होता. हळूहळू वाचकांचे कुतूहलही ओसरले. त्यांनी शेवटी लिहून पूर्ण केलेले आत्मचरित्र छापलेच गेले नाही आणि त्याचे हस्तलिखितही हाती राहिले नाही. जुलै १८५७ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काठीमागचे विज्ञान उलगडायला पुढे जवळजवळ एक शतक लागले. दृष्टिहीन माणसांना भिंत जवळ आल्याचे चेहऱ्याच्या त्वचेवर जाणवते, असा समज होता. १९४४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोग करून दाखवले, की हे काम कानाचे आहे. कान बंद केले, की ती जाणीव नाहीशी होई. दोन मीटरवरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी परत यायला एका सेकंदाचा जेमतेम ऐंशीवा भाग लागतो. तो वेगळा ऐकू येत नाही, पण आवाजाचा पोत बदलतो आणि सरावलेला मेंदू तो बदल टिपतो. २०११ मध्ये जिभेने टकटक करून वाट काढणाऱ्या दृष्टिहीनांच्या मेंदूची तपासणी झाली. प्रतिध्वनी ऐकताना त्यांच्या मेंदूत दृष्टीसाठी राखलेला भाग कामाला लागलेला दिसला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर दृष्टिहीन आणि डोळस अशा दोन्ही गटांतील लोक दहा आठवड्यांच्या सरावात हे तंत्र शिकले. त्यात सत्तरी ओलांडलेलेही होते. म्हणजे होल्मन यांच्याकडे काही दैवी देणगी नव्हती. त्यांना सराव मिळाला, कारण ते घराबाहेर पडले.

आता आजच्या वाटेवर येऊ. परभणी-परळी रेल्वेमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक आहे. समजा, तिथे उतरलेला एखादा दृष्टिहीन भाविक मोबाइल काढून मंदिराची दिशा विचारतो. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरील किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून फोन त्याचे ठिकाण ठरवतो. आकाश मोकळे असल्याने ते बरेच अचूक येते, पण खेड्यातील सगळ्या पायवाटा नकाशात भरलेल्या असतातच असे नाही. तोच माणूस दादरला उतरला, तर नकाशात गल्लीन् गल्ली सापडेल. मात्र उंच इमारतींवर आपटून उपग्रहांचे संदेश भरकटतात आणि ठिकाण चुकते. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलची चूक सुमारे पाच मीटरची असू शकते. डोळस माणसाला पाच मीटर म्हणजे काहीच नाही. दृष्टिहीनाला ते फुटपाथ आणि भर रस्ता यांतले अंतर आहे. उघडे गटार, वाटेत लावलेली दुचाकी, लोंबणारी वायर ही तर उपग्रहाला दिसतच नाही.

म्हणून मोबाइल आल्यावरही काठी सुटत नाही. मोबाइल गाव आणि गल्ली सांगतो, काठी पुढचे पाऊल सांगते आणि कान या दोन्हींच्या मधले जग उभे करतो. त्यामुळे मोबाइलचा आवाज दोन्ही कान झाकून ऐकू नये. एक कान रस्त्यासाठी मोकळा ठेवावा. पादचाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. दृष्टिहीन व्यक्तीला न विचारता दंडाला धरून ओढू नये. आधी बोलावे, मदत हवी का ते विचारावे आणि हवी असेल तर आपला कोपर तिच्या हातात द्यावा.

सर्वांत मोठी जबाबदारी मात्र दवाखान्याची आणि घराची आहे. दृष्टी परत येणार नाही, हे सांगून उपचार संपत नाहीत. काठी वापरण्याचे, एकट्याने हिंडण्याचे प्रशिक्षण हा त्याच उपचाराचा पुढचा भाग आहे. घरच्यांनी मायेपोटी घातलेले ‘तू बस, आम्ही आणून देतो’ हे बंधन पायातले बळ आणि मनातली उभारी दोन्ही घालवते. होल्मन यांनाही निवारा मिळाला होता, मानधन मिळाले होते, दोन वेळच्या प्रार्थनेची सोय झाली होती. त्या सुरक्षित खोलीत ते आजारी पडत आणि बाहेर रस्त्यावर बरे होत. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या प्रकृतीला मानवलेले ते औषध आजही प्रत्येक दृष्टिहीनाच्या कागदावर लिहायला हवे.